जुनी एंटरप्राईज डिंगी : हिवाळ्यातली दुरुस्ती आणि मजबुती (नागपूरची हवा धरून)

निळं_शीड | १० नोव्हेंबर, रात्री ९:१५

प्लायवुडची एंटरप्राईज (दोघांची छोटी, शिडाची शर्यतीची बोट) आहे, चाळीसेक वर्षांची. दोन चाईनचा (चाईन म्हणजे फळ्या कोनात जुळतात ती लांबीभरची कड) ढाचा, दोन्ही बाजूंना हवेच्या टाक्या, डेकवर वार्निश. अंबाझरी तलाव भरलेला आहे पण वारा पडलाय, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बोट शेडमध्ये राहणार. उलटीसुलटी करून जे दिसलं ते लिहितो.

सेंटरबोर्ड केस (पाण्यात उतरवायच्या उभ्या फळीची पेटी) आणि हॉगच्या (तळाच्या मधोमध आतून जाणारी लांब तुळई) सांध्यातून पाणी येतं, तासाभरात तीन-चार डबे. मास्ट स्टेपखाली (डोलकाठीचा पाय बसतो ती जागा) हॉग ४ मिमी दबलाय. डाव्या श्राउड प्लेटभोवती (श्राउड म्हणजे डोलकाठीला बाजूनं धरणारी तार, ती या पट्टीला बांधतात) प्लायला केसासारख्या भेगा, बोल्टची भोकं लांबट झालीत. ट्रान्समच्या (बोटीची मागची उभी फळी) खालच्या उजव्या कोपऱ्यात पेचकस बोटभर आत जातो. आणि मुख्य म्हणजे जिब हॅलियर्ड (पुढचं शीड वर ओढायची दोरी) ताणून बांधलं की थोड्या वेळात ताण उतरतो, वाऱ्याखालचा श्राउड लोंबायला लागतो.

शर्यतीत १५०-१६० किलोचा ताण टिकायला हवा. सगळ्या तळाला बाहेरून फायबर चढवावं का?

रंधा | १० नोव्हेंबर, रात्री १०:४०

फायबरचं नंतर बघू भाऊ. आधी वजन करा. नाळेला (पुढच्या टोकाला) एक आणि ट्रान्समला एक असे दोन काटे लावून बोट टांगा, दोन्ही आकडे लिहून ठेवा. एंटरप्राईजचा नुसता ढाचा ९०-९५ किलोच्या आसपास हवा. जास्त भरला तर घाबरू नका, त्यातलं बरंचसं पाणी असतं. ८० किलो लाकडातला ओलावा १८ टक्क्यांवरून १० वर आला की साडेपाच किलो नुसत्या वाळण्यानं जातात.

वाळवायचं ते सावलीत. टाक्यांची झाकणं उघडी, एका तोंडाशी छोटा पंखा, आणि तीन-चार आठवडे हात लावायचा नाही. उन्हात ठेवली तर वरचा पापुद्रा सुकतो, आतला ओला राहतो आणि प्लाय फुगवटे धरतं. पिनवाला मॉइश्चर मीटर घ्या. १२ च्या खाली आकडा स्थिर झाला की काम सुरू. मीटर हॉगच्या तळाशी आणि टाक्यांच्या आतल्या कोपऱ्यात लावा, डेकवर लावून समाधान मानू नका.

वाळेपर्यंत ठोकून बघा. पेचकसाची मूठ घेऊन दर तीन-चार सेंटिमीटरवर टकटक. चांगलं प्लाय टणक वाजतं, कुजलेलं पुठ्ठ्यासारखं. खडूनं खुणा करत जा. तळ्याचं पाणी गोडं, त्यामुळे कूज समुद्रावरच्या बोटीपेक्षा आपल्याकडे जास्त होते. खारं पाणी बुरशीला मानवत नाही, पावसाचं पाणी मानवतं. म्हणून कूज बहुतेक वेळा बाहेरून दिसणाऱ्या तळाला नसते, जिथे पावसाचं पाणी साचून राहिलं तिथे असते. ट्रान्समचा कोपरा तुम्ही सांगितलाच. टाकीच्या आतला तोच कोपरा बघितला का?

बुटीबोरीकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

फायबरच्या प्रश्नाला माझं उत्तर हो. आपल्या गावात कूलरच्या बॉडी बनवणारे इतके कारागीर आहेत, मॅट आणि रेझिन त्यांच्याकडे कायम असतं. ४५० ग्रॅमची काचेच्या धाग्यांची मॅट दोन थर, वर जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर). दोन दिवसांचं काम. गळतीही थांबेल, मजबुतीही येईल.

राळ_आणि_कापड | ११ नोव्हेंबर, दुपारी १:२०

बुटीबोरीकर, कूलरसाठी ते काम उत्तम आहे, या बोटीसाठी नको. हिशोब करून बघा. ४५० ग्रॅमची चॉप्ड मॅट स्वतःच्या अडीचपट पॉलिएस्टर पिते. म्हणजे एका थराला चौरस मीटरमागे १.६ किलो, दोन थरांना सव्वातीन. बाहेरचा ढाचा ७ चौरस मीटर धरला तर २२ किलो. एका लहान मुलाला बोटीत कायमचं झोपवल्यासारखं आहे.

वजन एकवेळ सोडा, पॉलिएस्टर जुन्या लाकडाला नीट धरतच नाही. नागपुरात लाकूड वर्षभरात जितकं हलतं तितकं किनाऱ्यावर हलत नाही. मे महिन्यात हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते तेव्हा उघड्या लाकडात ५ टक्के ओलावा राहतो, ऑगस्टमध्ये तोच १६-१७ वर जातो. लाकूड फुगतं आणि आक्रसतं, पॉलिएस्टरचं कवच कडक राहतं. दोन उन्हाळ्यांत काठ सुटतो, आत पाणी शिरतं आणि कवचाखाली कूज लपते. वरून बोट चकचकीत, आतून भुसा.

इपॉक्सीवर (दोन भाग मिसळून वापरायची राळ) २०० ग्रॅमचं काचेचं विणलेलं कापड एक थर, तेही फक्त तळाच्या फळ्यांना आणि चाईनना, हे चालेल. कापड, राळ आणि वरचा भरणीचा हात मिळून चौरस मीटरला ६००-६५० ग्रॅम. ४ चौरस मीटरला अडीच किलो. ओरखडे आणि पाणी अडवायला तेवढं पुरतं.

आणि कूलरवाल्यांकडची मॅट इपॉक्सीसोबत वापरू नका. तिचे धागे धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरिननं विरघळतो, इपॉक्सीत स्टायरिन नसतं. मॅट पांढरीच राहते, भिजत नाही, कोपऱ्यात वळत नाही.

काटकोन | ११ नोव्हेंबर, रात्री ९:५०

ताण उतरण्याचं दुखणं तळाच्या जाडीचं नाहीच. भार कुठून निघतो आणि कुठे पोचतो ते बघा.

प्रत्येक श्राउडमध्ये १६०-१८० किलो, फोरस्टेच्या (डोलकाठीला पुढून धरणारी तार) जागी जिबच्या तारेत तेवढेच. या तिघांची उभी बेरीज मास्टच्या पायावर येते, म्हणजे जवळपास ५०० किलो. श्राउड गनवेलला (बोटीच्या बाजूची वरची कड) वर आणि आत ओढतात, मास्ट तळाला खाली ढकलते, फोरस्टे नाळ वर उचलतो. बोट मधून खाली जाते आणि दोन्ही टोकं वर येतात, केळ्यासारखी. बाजू आत येतात. ढाचा जितका वाकला तितकी तार सैल. तुमचा हॉग दबलेला आणि प्लेटची भोकं लांबलेली, म्हणजे भाराच्या वाटेवरची दोन ठिकाणं हरली आहेत. बाहेरून कितीही कापड चढवा, ती वाट तशीच तुटकी राहील.

एंटरप्राईजचा आराखडा जॅक होल्टचा, १९५६ चा. त्या काळी तारांना इतका ताण देत नसत. लाकूड नवं असतानाही हा भार तिच्यावर मूळ हिशोबापेक्षा जास्तच आहे.

मजबुती तीन ठिकाणी द्या. पहिलं, मास्ट स्टेप आणि केसचं पुढचं टोक एकमेकांना घट्ट जोडा. केस ही बोटीतली सगळ्यात खोल उभी तुळई आहे. स्टेप तिच्यापासून दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे सुटी बसलेली असेल तर त्या तुळईचा काही उपयोग होत नाही. दोन्ही बाजूंना १२ मिमी प्लायचे गाल, स्टेपपासून केसवर ३० सेंटिमीटरपर्यंत, हॉगवर चिकटवून कोपऱ्यात फिलेट (घट्ट राळेची गोलसर भरणी).

दुसरं, श्राउड प्लेटमागे नी (कोनात बसवायचा आधाराचा तुकडा). १८ मिमी प्लायची, गनवेलपासून थेट चाईनपर्यंत उतरणारी. फक्त वरच्या पट्टीला बोल्ट मारले तर पट्टीच उपटून येते.

तिसरं, थ्वार्ट. बाजू आत येतात त्या ही आडवी फळी अडवते, म्हणून तिचे टोकाचे सांधे पक्के हवेत. नीपासून स्टेपकडे जो तिरपा दुवा द्याल त्यात मात्र दाब येत नाही, ओढ येते, कारण वरचं टोक वर जातं आणि खालचं खाली. तिथे जाड लाकूड नको. युनिडायरेक्शनल (सगळे धागे एकाच दिशेला असलेल्या) काचेची ५० मिमी रुंद पट्टी, तीन-चार थर, फ्रेमच्या अंगावरून सरळ नेलेली, पुरे. पट्टी मध्ये कुठे वाकली तर ताणाखाली ती आधी सरळ होऊ बघते आणि उखडते.

शर्यतीसाठीचं मेजरमेंट सर्टिफिकेट टिकवायचं असेल तर आत काय जोडायला परवानगी आहे ते एंटरप्राईज वर्गाच्या चालू नियमांत आधी वाचा, मग करवत उचला.

निळं_शीड | ११ डिसेंबर, रात्री ८:३०

महिना वाळवली. टांगून १०३ किलो होती, आज ९७. हॉगजवळ मीटर ११ दाखवतो. टाकीच्या आतल्या कोपऱ्यातही कूज निघाली, तळहाताएवढी. केस तळाशी धरून हलवली की मिमीभर सरकते. काढावी का तशीच बुजवावी? आणि जुन्या सांध्यांचा गोंद काही ठिकाणी पांढरट, काही ठिकाणी तांबूस-काळा आहे.

रंधा | ११ डिसेंबर, रात्री ११:००

सरकते म्हणजे काढा. वरून बुजवलेली हलती केस एका मोसमात परत गळते.

तांबूस-काळा गोंद रिसॉर्सिनॉलचा. तो सांधा उघडला नसेल तर हात लावू नका, लाकूड जाईल पण तो जायचा नाही. पांढरट तो युरिया-फॉर्मल्डिहाइड. ऊन आणि ओल आलटून पालटून मिळाली की तो ठिसूळ होतो, आणि आपल्याकडे दोन्ही भरपूर. नखानं खरवडून पावडर पडत असेल तर तो सांधा गेला समजा, आज उघडा नसला तरी.

केस काढताना आधी तळाची धातूची पट्टी काढा. तिच्याखाली हॉगमधून केसमध्ये गेलेले पितळी स्क्रू असतात. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर दीड-दोन मिनिटं धरा, गोंद सुटतो, मग फिरवा. डोकं घासलं असेल तर स्क्रूभोवती पातळ नळीचा कटर फिरवून बुचासकट उपसा आणि भोकात नवं लाकडी बूच बसवा. पितळेचा स्क्रू गुलाबी दिसला तर त्यातलं जस्त गेलंय, तो हातानंही तुटतो. परत वापरू नका. नवे स्टेनलेस घ्या. गोड्या पाण्यात ३०४ चालतं.

काढण्याआधी एक महत्त्वाचं. बोट उलटी करून चार ठिकाणी टेकवा आणि ढाचा पिळलेला नाही ना ते तपासा. नाळेजवळ आणि ट्रान्समजवळ दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवा, मागून एका डोळ्यानं बघा. पट्ट्या समांतर दिसेपर्यंत टेकूखाली पाचरी सारा. केस निघाल्यावर ढाचा लवचिक होतो. त्या वेळी पीळ राहिला तर तुम्ही तोच पीळ कायमचा चिकटवाल.

दबलेला हॉग छिन्नीनं चांगल्या लाकडापर्यंत खाली घ्या, तळ सपाट, दोन्ही टोकांना १:८ चा उतार. त्यात सागवान बसवा. लकडगंजात (नागपूरचा लाकूडबाजार) बल्लारशाच्या सागवानाचा तुकडा मागा, रेषा सरळ, गाठ नको, पांढरा भाग अजिबात नको. सागवान तेलकट असतं. चिकटवण्याच्या अगदी आधी ८० नंबरच्या पेपरनं घासा, ॲसिटोननं पुसा, पंधरा-वीस मिनिटांत राळ लावा. सकाळी घासून संध्याकाळी चिकटवलेला सागवान सुटतो.

वर मास्टच्या पायाखाली ३ मिमी स्टेनलेसची पट्टी, ५ सेंटिमीटर रुंद, २५ लांब. लाकूड रेषांना आडवं दाबलं की लांबीच्या मानानं फारच कमी सोसतं, आणि मास्टच्या नळीची कड दोन मिमीची. ती कड लाकडात सुरीसारखी बसते. तुमचे ४ मिमी तिथेच गेले.

लकडगंज_लाईन | १२ डिसेंबर, सकाळी १०:१५

प्लायबद्दल सांगतो. दुकानात "मरीन" म्हटलं की भारतीय मानक आयएस ७१० चा शिक्का बघा. त्याचा गोंद ७२ तास उकळून तपासलेला असतो. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं) म्हणून विकतात ते आयएस ३०३, त्याची चाचणी ८ तासांची. स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक, तळाला नाही.

७१० बहुतेक गर्जन या जड लाकडाचं मिळतं. ६ मिमीचा आठ बाय चारचा ताव साडेबारा किलोच्या आसपास. खरं ओकुमे (हलकं आफ्रिकी लाकूड) साडेआठ-नऊ किलो. पण इथे "ओकुमे" म्हणून जे दाखवतात ते बहुधा वरचा पापुद्रा तेवढा ओकुमे, आत काहीही. कापलेली कड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आतल्या थरात फट दिसली तर त्या फटीतून पाणी तावभर फिरतं. ठिगळापुरतं लागत असेल तर गर्जन घ्या, अर्ध्या चौरस मीटरमध्ये अर्ध्या-पाऊण किलोचाच फरक. नी आणि गालांना तर गर्जनच बरं.

घरी आणल्यावर काठाचा वितभर तुकडा उकळायला ठेवा. दिवसभर उकळून, वाळवून, पेचकसानं थर उचकटून बघा. लाकूड फाटलं तर चांगलं, थर सोलून आला तर ताव परत.

रंधा | १२ डिसेंबर, रात्री ९:३०

ट्रान्सम आणि टाकीच्या कोपऱ्याचं राहिलं. कुजलेल्या भागाच्या पुढे अजून ५-७ सेंटिमीटर कापा. बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. पातळ राळ ओतून कुजलेलं लाकूड "कडक" करण्याच्या फंदात पडू नका. राळ वर वर मुरते, खाली भुसा तसाच.

प्लायला स्कार्फ (दोन तुकडे उतरत्या कडांनी जोडायचा सांधा) १:८. ६ मिमीला ४८ मिमी लांब उतार, १२ मिमीच्या ट्रान्समला ९६. रंध्यानं उतरवताना प्लायचे थर पट्ट्यांसारखे दिसतात. पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या आल्या की उतार बरोबर. सुकाणूच्या गजनमागे (सुकाणू अडकतं ती कडी) आतून १२ मिमीचं पॅड द्या, कडा उतरत्या.

क्लॅम्प फार आवळू नका. सुताराच्या पांढऱ्या गोंदाची सवय असते, तिथे दाबावं लागतं. इपॉक्सीला सांध्यात कागदाच्या जाडीइतका थर राहायला हवा. सगळी पिळून निघाली की सांधा कोरडा राहतो. आणि तो पांढरा गोंद इथे कुठेच नको. सतत भार असला की तो हळूहळू सरकतो, उन्हात मऊ पडतो.

निळं_शीड | २ जानेवारी, सायंकाळी ७:००

केस काढली, हॉगचा तुकडा बसला, ट्रान्सम झाला. सांध्यांना एडब्ल्यू १०६ आणि एचव्ही ९५३ (इपॉक्सी राळ आणि तिचा हार्डनर) वापरलं. आता कापडाचं काम, त्यासाठी एलवाय ५५६ राळ आणि एचवाय ९५१ हार्डनर आणलंय. नमुन्याला प्लायच्या तुकड्यावर कापड लावलं तर दोन घोटाळे झाले. सकाळी लावलेल्यात खाली बारीक बुडबुडे आले. संध्याकाळी लावलेला तुकडा दुसऱ्या दिवशी वरून मेणासारखा चिकट. रात्री पारा ९-१० वर जातोय.

राळ_आणि_कापड | २ जानेवारी, रात्री १०:१०

दोन्ही घोटाळ्यांचं मूळ वेळेत आहे.

सकाळी लाकूड थंड असतं. दिवस चढला की ते तापतं, आतली हवा पसरते आणि ओल्या राळेतून बुडबुडे काढते. उलट दुपारी लाकूड तापलेलं असताना राळ लावली तर थंड होताना ते राळ आत ओढून घेतं. म्हणून आपल्याकडे लावायची वेळ दुपारी दीड-दोनला सावलीत सुरू, साडेतीन-चारला बंद. साडेपाचच्या आत वर तंबू.

चिकटपणा म्हणजे हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी झालेली क्रिया. एचवाय ९५१ ला हे फार होतं, आणि रात्री दव धरलं की हमखास. तो थर ॲसिटोननं पुसू नका, पसरतो. कोमट पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी. धुवा, पुसा, वाळू द्या, मग घासा. आधी घासलंत तर मेण खाली दाबलं जातं, पुढचा हात सोलून निघतो.

तंबूत रात्री १८-२० अंश राखा. ताडपत्रीखाली १०० वॉटचे साधे दोन-तीन बल्ब पुरतात, ढाच्यापासून हातभर लांब, ताडपत्रीला न टेकणारे. ॲसिटोन वापरलं असेल तर वाफ पूर्ण जाऊ द्या, तोवर बल्ब लावायचे नाहीत.

प्रमाण: १०० ग्रॅम राळेला १० ग्रॅम हार्डनर, वजनानं. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. डोळ्यानं मापून एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर दहा टक्के चूक. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका. इपॉक्सीत हार्डनर हा उत्प्रेरक नसतो, तो अर्धा जोडीदार असतो. उरला की मऊ राहतो. एडब्ल्यू १०६ ला वजनानं १०० ला ८०, आकारमानानं सारखं.

एलवाय ५५६ मुळात काकवीसारखं दाट आणि थंडीत अजून दाट. बाटली बंद ठेवून ४० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग हार्डनर मिसळा. पण गरम राळ लवकर तापून घट्ट होते, म्हणून एका वेळी १५० ग्रॅमच, आणि मिसळल्यावर लगेच पसरट ताटलीत ओता. डब्यात तशीच ठेवली तर धूर येईपर्यंत तापते.

तळाला कापड कोरडं पसरवा, मधून काठाकडे रबरी पट्टीनं राळ ओढा. कापड पारदर्शक झालं पण विणीचा पोत दिसतोय, इथे थांबा. वर तळं साचलं तर कापड तरंगतं. पोत दुसऱ्या हातानं भरा, पहिल्या हातावर नखाचा व्रण अजून उमटतोय पण तो बोटाला चिकटत नाही अशा वेळी. तेव्हा घासावंही लागत नाही.

हातमोजे नायट्राइलचे, पूर्ण वेळ. एचवाय ९५१ ची त्वचेला ॲलर्जी एकदा बसली की जात नाही. घासताना धुळीचा मास्क.

ओली_दोरी | ३ जानेवारी, दुपारी १२:३०

ताई, फिलेटला काय मिसळायचं तेही सांगा. इथे मायक्रोबलून सहज मिळतात.

राळ_आणि_कापड | ३ जानेवारी, दुपारी २:४५

मायक्रोबलून फक्त रंगाआधीच्या लांबीत. सांध्यात नकोत, ते पोकळ गोळे आहेत. फिलेटला फ्युम्ड सिलिका (राळ घट्ट करणारी बारीक पूड) आणि हलक्या लाकडाचं चाळलेलं पीठ, साधारण निम्मंनिम्मं. चिकटवायला दह्याइतकं घट्ट, फिलेटला श्रीखंडाइतकं: चमचा उलटा केला तरी पडू नये. आधी लाकडाला नुसती राळ लावा, मुरू द्या, मग घट्ट मिश्रण. हा पहिला हात विसरला की लाकूड घट्ट मिश्रणातली राळ पिऊन घेतं आणि सांध्यात कोरडी पूड उरते.

६ मिमी प्लायला फिलेटची गोलाई १५-२० मिमी. केसच्या तळाशी २० घ्या. त्यावर पट्टी दोन थर, आधी १०० मिमी, वर ७५, म्हणजे कडा एकावर एक येत नाहीत. पट्टी ४५ अंशांत विणलेली घ्या, सांध्याला आडवे जाणारे सगळे धागे कामाला येतात.

एकूण राळ: तळ २ किलो, आतबाहेरच्या पट्ट्या १, फिलेट पाऊण, आतून लाकूड बंद करायचे तीन हात सव्वादोन. सहा लागेल, सात घ्या. आतले तीन हात वाचवू नका. मजबुती कापडात दिसते खरी, पण ऑगस्टमध्ये लाकूड फुगू नये ही जबाबदारी या तीन हातांची. आणि लाकूड आत्ता ९-१० टक्क्यांवर आहे, मे आणि ऑगस्टच्या साधारण मध्ये. याच अवस्थेत बंद केलं तर दोन्हीकडची ओढाताण कमीत कमी राहते.

काटकोन | ३ जानेवारी, रात्री ९:२०

श्राउड प्लेटची लांबट भोकं: एम६ बोल्ट असेल तर भोक १० मिमीचं करा, मागून टेप लावा, घट्ट राळेनं गच्च भरा, दोन दिवसांनी मधोमध ६ मिमी पाडा. बोल्टला मग लाकूड लागत नाही, राळेचं नळकांडं लागतं. पाणीही शिरत नाही. मागे वॉशर मोठे, नाही तर ३ मिमीची पट्टी. बोटीतल्या प्रत्येक भार घेणाऱ्या भोकाला हेच करा. सेंटरबोर्डच्या खिळ्याचं भोकही धरा, केसमधली निम्मी गळती तिथूनच असते.

मास्ट ॲल्युमिनियमची आहे ना? स्टेनलेसच्या प्रत्येक फिटिंगखाली पांढरी भुकटी आहे का बघा. असेल तर फिटिंग काढा, खाली प्लॅस्टिकची चकती घाला, रिव्हेट मोनेलचे (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) लावा. श्राउडची तार नखानं नाही, जुना मोजा ओढून तपासा. मोजा अडकला की धागा तुटलाय. स्वेजच्या (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली नळी) तोंडाशी तुटलेला एक धागा दिसला तरी तार बदला.

निळं_शीड | ६ फेब्रुवारी, रात्री ८:१५

कापड, नी, गाल, तिरप्या पट्ट्या, सगळं झालं. वजन ९९. रंगाआधी टाक्या आणि ताण तपासायचा आहे. ताणाचा गेज नाही.

काटकोन | ६ फेब्रुवारी, रात्री १०:००

गेज नसला तरी चालतं. १×१९ ची (एकोणीस धाग्यांची) तार २ मीटर लांबीत १ मिमी लांबली की तिच्या तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला, जाडी कोणतीही असो. ३ मिमीची तार साधारण ७०० किलोला तुटते, म्हणजे १ मिमीला ३५ किलो. २ मीटरची लाकडी पट्टी वरच्या टोकाला तारेला टेपनं बांधा, तार हातानं सरळ होईल इतकीच ताणून खालच्या टोकाशी तारेवर खूण करा. आता ताणा. खूण साडेचार मिमी सरकली की १६० किलो.

त्याच वेळी नाळेपासून ट्रान्समपर्यंत दोरा ताणून बांधा, स्टेपपाशी दोऱ्यापासून हॉगचं अंतर सैल असताना आणि ताणल्यावर मोजा. २-३ मिमी फरक चालेल, ६ च्या वर गेला तर कुठलातरी सांधा काम करत नाही. ताणलेली तशीच रात्रभर ठेवा आणि सकाळी खूण परत बघा. खूण मागे आली नाही तर सांधे धरलेत. कुठे टिकटिक ऐकू आली तर लगेच सैल करा, त्या जागी बोट ठेवून कुणाला तरी परत हळू ताणायला सांगा.

ओली_दोरी | ७ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

टाक्यांना सायकलच्या पंपानं हवा भरू नका, तोंडानंच फुंका. पारदर्शक नळीचा इंग्रजी यू करून पाणी घाला, ५-६ सेंटिमीटर फरक आला की बस. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढ्यानं चौरस मीटरला ५०-६० किलो भार येतो आणि डेक वर उचललं जातं. सांध्यांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडा दिसला तिथे खूण करा, हवा सोडा, मग राळ लावा. हवा असताना लावली तर ती राळेतून वाट काढते.

निळं_शीड | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

१६० किलोला २.५ मिमी. रात्रभर ठेवून खूण जागच्या जागी. टाकीला मागच्या झाकणाच्या रिंगमधून बुडबुडे आले, रिंग नव्यानं बसवली. आता रंग. गडद निळा द्यायचा विचार आहे, वर्गाच्या शिडांचा फिका निळा असतो त्याला साजेसा.

राळ_आणि_कापड | ९ फेब्रुवारी, रात्री १०:२०

गडद नको. खोलीच्या तापमानाला वाळलेली इपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागते, आणि मे महिन्यात गडद पृष्ठभाग उन्हात त्याच्या वर सहज जातो. कापडाची वीण रंगातून उमटते, ताणाखालचे सांधे सरकतात. तळ पांढरा, निळी पट्टी काढायची तर बोटभर. इपॉक्सी प्रायमर एक हात, त्यावर दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन रंग) दोन-तीन हात, गाड्या रंगवणाऱ्याकडे फवारून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात अवकाळी आणि गारपीट येते, त्यामुळे उघड्यावर नको. डेकला यूव्हीवालं वार्निश पाच-सहा हात. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, नुसती ठेवली तर वर्ष-दीड वर्षात पिवळी पडून पावडर सुटते.

रंधा | १० फेब्रुवारी, सकाळी ७:५०

उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये टांगू नका, पत्र्याखाली सगळ्यात गरम हवा वरच असते. जमिनीपासून दोन फूट, उलटी, चार ठिकाणी चाईनवर टेकलेली, तारा पूर्ण सैल. पांढरी ताडपत्री ढाच्याला न टेकता, मधून वारा जाईल अशी. टाक्यांची झाकणं उघडी, त्यांना जाळी बांधा. बोट टेकवायच्या लाकडी घोड्यांचे पाय तेलाच्या वाट्यांत ठेवा, आपल्या मातीत वाळवी आठवड्यात वर चढते.